‘चार्ज’ कुणाच्या अंगावर?

बेळगावात टिळकवाडीत संध्याकाळी साडेसहाला माझा इंग्रजीचा क्लास असतो. मराठी माध्यमातून एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, बसणारी पोरं. कुणी मच्छेहून सायकलवर येतं, कुणी येळ्ळूरच्या बसनं, एकदोघं थेट खानापूरहून. गेल्या पावसाळ्यात मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: ‘द पोलीस चार्ज्ड द क्राउड.’ आणि अर्थ विचारला.

पहिला हात वर आला. “पोलिसांनी गर्दीकडून पैसे घेतले.” वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी कुणालाही खरा अर्थ येत नव्हता, ही गोष्ट वेगळी. दुसरी म्हणाली, “पोलिसांनी गर्दीवर केस घातली.” मागच्या बाकावरून तिसरं उत्तर आलं, “गर्दीत जोश भरला.” गंमत अशी की तिन्ही अर्थ ‘चार्ज’ला आहेत. पोलिसांच्या जागी यात्रेतला पाळणेवाला असता, तर पहिलंच उत्तर बरोबर ठरलं असतं. फळ्यावरच्या वाक्यात मात्र पोलीस गर्दीवर धावून गेले होते.

तेवढ्यात मच्छेचा पोरगा उठला. त्याचे वडील फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात कामाला. “सर, आमचे पप्पा रोज चार्ज करतात की. भट्टीत माल घालतात त्याला चार्जच म्हणतात.” वर्ग पुन्हा हसला. मी हसलो नाही. या शब्दाच्या सगळ्यात जुन्या अर्थाच्या जवळ त्या खोलीत तो एकटाच पोचला होता.

‘चार्ज’चं मूळ आहे बैलगाडीत. म्हणजे लॅटिनमधल्या ‘कारुस’ या शब्दात. हा शब्द रोमनांनी गॉल लोकांकडून घेतला. अर्थ, मालाची गाडी. त्यावरून क्रियापद झालं ‘कारिकारे’, गाडीत माल भरणं. ते जुन्या फ्रेंचमध्ये गेलं तेव्हा ‘क’चा ‘च’ झाला आणि तिथून सुमारे आठशे वर्षांपूर्वी ‘चार्ज’ इंग्रजीत उतरला. त्याच घराण्यातले ‘कार’, ‘कॅरी’ आणि ‘कार्गो’ आपल्या ओळखीचे आहेत. ‘कॅरिकेचर’ म्हणजे व्यंगचित्र हाही त्यातलाच. इटालियनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे लादणं, त्यावरून वाजवीपेक्षा जास्त लादणं. नाक जरा मोठं असेल तर ते हातभर काढायचं, झालं व्यंगचित्र.

म्हणजे चार्ज करणं म्हणजे मुळात ओझं लादणं. डिसेंबरात अथणी, रायबाग, चिकोडीकडं गेलात तर रस्त्यावर हा मूळ अर्थ ट्रॅक्टरच्या मागे डुलत चाललेला दिसतो. एकामागं एक दोन ट्रॉल्या, त्यांवर रचलेला ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. एक रोमन गाडीवान उठून आला असता तर त्याला हे दृश्य समजावून सांगावं लागलं नसतं.

आता फौंड्री. बेळगावला उद्यमबाग आणि मच्छे भागात ओतकामाचे कारखाने पिढ्यानपिढ्या चालू आहेत, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत हा शब्द मोबाईलच्या आधीपासून आहे. त्या पोराच्या उत्तरानंतर मीच एकदा ओळखीनं एका फौंड्रीत जाऊन पाहिलं. जुन्या पद्धतीची भट्टी, तिला क्युपोला म्हणतात. उभं लोखंडी नळकांडं, आतून भट्टीच्या विटांचं अस्तर, तळाला कोकचा, म्हणजे भाजून घेतलेल्या दगडी कोळशाचा, पेटता थर. वर, माणसाच्या दीडदोन उंचीवर, एका बाजूला चौकोनी दार. त्याचं नावच चार्जिंग डोअर. त्या दारातून आधी कोक जातो, मग पिग आयर्न म्हणजे कच्चं लोखंड आणि भंगार, मग थोडी चुनखडी, पुन्हा कोक. खालून पंख्याची हवा चालू असते. लोखंड वितळून तळाशी साठतं. चुनखडी राख आणि माती धरून ठेवते, तिची मळी होऊन ती लोखंडावर तरंगते आणि वेगळ्या तोंडानं काढून टाकतात.

माझं लक्ष मात्र काट्याकडं होतं. दारात घालण्याआधी प्रत्येक थर तोलला जात होता आणि एक पोऱ्या वहीत लिहीत होता: चार्ज एक, चार्ज दोन, चार्ज तीन. घामानं वहीचं पान ओलं झालं होतं. त्या वहीत ‘चार्ज’ म्हणजे नुसतं ओझं नव्हतं. ते मोजलेलं ओझं होतं, एका वेळेला एका ठिकाणी घालायचा ठरलेला माल. हे ‘ठरलेलं’पण लक्षात ठेवा, पुढं बिलात आणि कोर्टात ते परत भेटणार आहे. आता पुष्कळ ठिकाणी विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आल्या, कोक गेला, धूर कमी झाला. शब्द तोच राहिला.

भट्टीत घालतात तसंच बंदुकीत घालतात. नळीत एका वेळेला जेवढी दारू ठासायची तो तिचा चार्ज. आणि इथं मला थांबावंच लागतं, कारण मराठीनं अगदी हीच वाट चाललेली आहे. आपण बंदुकीत काय भरतो? बार. हा ‘बार’ फारसीतून आला आणि फारसीत ‘बार’ म्हणजे ओझं. संस्कृत ‘भार’चा तो सख्खा भाऊ, इंग्रजीतल्या ‘बेअर’ म्हणजे वाहणं या क्रियापदाचाही नातेवाईक. मार्केट यार्डात पोत्यांना ‘बारदान’ म्हणतात ते याच ‘बार’वरून. मराठ्यांच्या फौजेतला ‘बारगीर’ म्हणजे शब्दशः ओझं वाहणारा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळायचा. म्हणजे फ्रान्समध्ये ‘ओझं’ या शब्दाची ‘बंदुकीची दारू’ झाली, आणि इराणमधून आलेल्या ‘ओझ्या’ची आपल्याकडंही बंदुकीची दारूच झाली. एकमेकांना न विचारता.

पुढं आपण बार आणखी लांब नेला. लग्नाचा बार उडवतो. निवडणुकीत फुसका बार निघतो. आणि निपाणीकडं, जिथं तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून धरला होता, तिथं कट्ट्यावर बसलेला म्हातारा तळहातावर चुना-तंबाखू मळतो, दोन थापट्या मारतो आणि ओठाखाली बार भरतो. बंदुकीसारखाच. मोजून, ठासून. पुढचा अर्धा तास त्याच्याशी बोलायला जाऊ नये.

बंदुकीवरून चार्ज विजेत गेला. १७४५-४६च्या सुमाराला युरोपात विजेचा साठा करणारी काचेची बरणी निघाली, लायडन जार. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन अशा बरण्यांवर प्रयोग करत होता. बंदूक भरावी तशी बरणी भरायची आणि बार उडावा तशी ती एका झटक्यात रिकामी व्हायची. म्हणून भरणं ते चार्ज, रिकामं होणं ते डिस्चार्ज. त्यानं काचा एकापुढं एक जोडून मोठा साठा केला आणि त्याला नाव दिलं ‘बॅटरी’. हाही लष्करी शब्द. बॅटरी म्हणजे रांगेनं मांडलेल्या तोफा. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तोफखाना आहे तो असा.

फोनच्या बाबतीत एक गैरसमज मात्र शब्दामुळेच होतो. ‘चार्ज झाला’ म्हटल्यावर वाटतं की हंड्यात पाणी भरावं तशी बॅटरीत वीज भरली. तसं होत नाही. जेवढे इलेक्ट्रॉन एका टोकानं आत शिरतात तेवढेच दुसऱ्या टोकानं बाहेर पडतात. रिकाम्या आणि भरलेल्या बॅटरीतला एकूण विद्युत प्रभार, म्हणजे विज्ञानातला ‘चार्ज’, सारखाच. बदलतं ते आतलं रसायन. लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडं ढकलले जातात आणि आपण फोन वापरतो तेव्हा ते परत येतात. ट्रॉली चढावर ओढून नेऊन ठेवली, आता ती उतारावर आपणहून येईल, असं काहीसं. खोक्यावर लिहिलेलं ‘५००० एमएएच’ हे मात्र खरोखरच प्रभाराचं माप आहे. परत येताना बॅटरी एकूण किती प्रभार तारेतून फिरवील, ते. हिशेब केला तर तो १८,००० कूलोम येतो. कूलोम हे प्रभार मोजायचं एकक. आणि घरच्या मीटरवरच्या एका युनिटात असा फोन चाळीसेक वेळा चार्ज होतो. त्यामुळे पाहुण्यानं चार्जर लावला म्हणून मीटरकडं बघत बसण्यात अर्थ नाही.

बोलताना आपण मराठीत ‘चार्जिंग संपलं’ म्हणतो. शिल्लक राहिलेल्या विजेलाच आपण ‘चार्जिंग’ करून टाकलंय. मराठीत ते बिनचूक आहे, सगळ्यांना कळतं. पण इंग्रजीत कुणाला ‘माय चार्जिंग इज ओव्हर’ म्हणालात, तर त्याला वाटेल तुमचं काम झालं, आता पिन काढायला हरकत नाही. म्हणजे बरोबर उलटं. शेजारचा कन्नड माणूस ‘चार्जिगे हाकु’ म्हणतो. हाकु म्हणजे घाल. फौंड्रीतला माणूसही घालतोच.

आता कन्नडचं निघालंच आहे तर. विद्युत प्रभाराला कन्नड शाळेच्या पुस्तकात ‘विद्युदावेश’ म्हणतात. नुसतं ‘आवेश’ही चालतं. मराठी कानाला हे विचित्र वाटतं, कारण आपला आवेश रागाचा असतो. आवेशानं बोलतो, आवेशानं तुटून पडतो. पण तुटून पडणं हाही चार्जचाच अर्थ आहे! ज्यानं विजेसाठी ‘आवेश’ उचलला त्याच्या हे मनातही नसेल, पण शब्द नेमका जागेवर बसलाय.

तुटून पडण्याचं म्हणाल तर बेळगावकरानं ते लांब कुठं बघायला नको. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथं आहे. संगीन लावून शत्रूवर धावून जायचं, त्याला इंग्रजीत चार्ज म्हणतात. पूर्वी घोडदळ भाले रोखून जायचं, तेही चार्जच. म्हणून लढाईच्या घोड्याला इंग्रजीत ‘चार्जर’ असं नाव पडलं. एका जुन्या धड्यात राजा आपल्या चार्जरवर बसतो, असं वाक्य होतं. वर्गात काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. पोलिसांचा लाठीचार्ज हा अर्धा देशी, अर्धा विलायती जोडशब्द. इंग्लंडमधली वर्तमानपत्रं त्याच्या जागी ‘बॅटन चार्ज’ लिहितात. आपल्या बातमीत तो लाठीमार होतो, त्यातही ‘सौम्य लाठीमार’. या जिल्ह्यात १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, दुसरीकडं मराठी भाषकांचा काळा दिन, आणि मधे पोलीस. ‘सौम्य’ या शब्दाला किती वजन असतं ते इथं पुष्कळांना पाठीवरून माहीत आहे.

इतकं झाल्यावर मी पोरांना म्हटलं, आता अर्थ पाठ करू नका, एकच मराठी शब्द धरा: अंगावर. काम अंगावर पडतं. कर्ज अंगावर असतं. आळ अंगावर येतो. माणूस अंगावर धावून येतो. ऊसतोडीला निघालेल्या टोळीच्या मुकादमाला विचारा, तो म्हणेल, “ह्याच्या अंगावर तीस हजार हैत,” म्हणजे तेवढी उचल आधीच घेतलेली. इंग्रजीत ‘चार्ज’ जे जे करतो ते मराठीत ‘अंगावर’ करतो. वाक्य समोर आलं की एवढंच विचारायचं: कुणाच्या अंगावर काय पडलं?

जमिनीच्या अंगावर पडलं तर तो बोजा. सोसायटीचं कर्ज काढलं की उताऱ्यावर बोजा चढतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात यालाच चार्ज म्हटलंय. जमीन तुमचीच, ताबाही तुमचाच, पण तिच्यावर कुणाचं तरी येणं बसलेलं आहे. गहाणाहून ही गोष्ट थोडी वेगळी. गहाणात जमिनीतला काही हक्कच दुसऱ्याकडं जातो, चार्जमध्ये हक्क जात नाही, फक्त पैसे त्या जमिनीतून वसूल करता येतात. आपल्याकडं जागा घेताना वकील आधी ईसी, म्हणजे एन्कंब्रन्स सर्टिफिकेट मागतो. ईसीवर कन्नडमध्ये काय लिहिलेलं असतं, वाचा एकदा. ‘ऋणभार प्रमाणपत्र’. ऋणाचा भार. महाराष्ट्रात सातबारावरचा बोजा, इथं ईसीवरचा भार, इंग्रजीत चार्ज. कागदाची लिपी वेगळी म्हणून आपण घाबरतो. शब्द ओळखीचाच निघतो.

बिलातला चार्ज म्हणजे सेवा घेतल्याबद्दल अंगावर पडलेले पैसे. इथल्या वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या बिलात फिक्स्ड चार्ज वेगळा आणि एनर्जी चार्ज वेगळा असतो. एनर्जी चार्ज तुम्ही जाळलेल्या युनिटांचा. फिक्स्ड चार्ज तुमच्या घराला मंजूर असलेल्या लोडवर, किलोवॅटच्या हिशेबानं. महिनाभर घर बंद ठेवून गावाला गेलात तरी तो लागतो, कारण तुमच्यासाठी तेवढं ओझं पेलायची तयारी कंपनीनं ठेवलेली असते. लोड आणि चार्ज, दोन्हींचा मूळ अर्थ ओझंच, आणि बिलात एकावरून दुसरा ठरतो. बँकेचं मात्र मला अजून कळलेलं नाही. माझ्या एका खात्यात पैसे कमी पडले म्हणून बँकेनं चार्ज लावला. ज्याच्याकडं पैसे नाहीत त्याच्याकडून पैसे. आणि त्या चार्जवर वर १८ टक्के जीएसटी.

जाता जाता: मराठीत आपण सगळ्यालाच ‘चार्ज’ म्हणायला लागलोय. इंग्रजीत तसं नाही. डॉक्टर, वकील आणि शाळा फी घेतात. बसला आणि रिक्षाला फेअर. कोगनोळीच्या नाक्यावर टोल. वस्तूला प्राइस. सेवा दिली आणि तिचे पैसे ठरलेले असतील तर तो चार्ज. परीक्षेत रिकामी जागा भरायला एवढं पुरतं.

कोर्टातला चार्ज सगळ्यांत जास्त गोंधळाचा आहे, म्हणून तो सावकाश बघू. ‘फलाण्यावर चार्ज लागला’ असं आपण सर्रास म्हणतो, आणि बहुतेक वेळा तोवर काहीच लागलेलं नसतं. तक्रार आली, एफआयआर झाली, की बातमीत येतं ‘गुन्हा दाखल’. इंग्रजी पेपर इथं ‘बुक्ड’ लिहितात. ही पहिली पायरी. मग पोलीस तपास करतात आणि पुरावा पुरेसा वाटला तर कोर्टात चार्जशीट देतात, मराठीत दोषारोपपत्र. ही दुसरी. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणं ६० किंवा ९० दिवसांत ते यावं लागतं. नाही आलं, तर त्याला जामीन मागायचा हक्कच मिळतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण हे ६०-९० दिवस तसेच आहेत. आणि तिसरी पायरी म्हणजे खरा चार्ज. न्यायाधीश कागद बघतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि ठरवतात की या माणसावर नेमके कोणते आरोप चालवायचे. ही आरोपनिश्चिती. त्या दिवशी आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, कबूल आहे का? फौंड्रीतली वही आठवते ना. ठरलेलं, तोललेलं, लिहिलेलं ओझं.

न्यायाधीशांना त्या पायरीवर आरोप ठेवण्याजोगं काहीच दिसलं नाही तर ते आरोपीला ‘डिस्चार्ज’ करतात. खटला चालून, साक्षी होऊन सुटला तर ती निर्दोष मुक्तता, इंग्रजीत ‘ॲक्विटल’. एकात ओझं ठेवलंच नाही, दुसऱ्यात ठेवून मग उतरवलं. पेपरात दोन्हीला ‘सुटका’ म्हणून मोकळे होतात.

बेळगावात पोलिसांचे कागद कन्नडमध्ये असतात. माझ्या एका नातेवाइकाच्या हातात असा कागद आला तेव्हा तो हादरला होता. वाचता येत नव्हतं. शेजाऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, ‘दोषारोप पट्टी’. नातेवाईक म्हणाला, “हे तर कळलं की मला.” ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचा अर्थही वर ठेवणं, चढवणं असाच आहे. वृक्षारोपणात रोप मातीत लावतात, दोषारोपणात दोष माणसाला लावतात. पहिल्याचे फोटो निघतात.

राहिला ऑफिसातला चार्ज. नव्या साहेबानं चार्ज घेतला, जुन्यानं दिला, म्हणजे कामाचं ओझं एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं. मराठीत कार्यभार, प्रभारी. इथं आपल्याकडची एक गफलत. ‘इनचार्ज हेडमास्तर’ म्हटलं की आपल्याला तात्पुरता, खुर्चीवर नीट न टेकलेला माणूस दिसतो. मूळ इंग्रजीत ‘इन चार्ज’ला तात्पुरतेपणाचा वास नाही. जो जबाबदार तो इन चार्ज, कायमचा असो की दोन दिवसांचा. आपण ज्यांना पालकमंत्री म्हणतो त्यांना कन्नडमध्ये ‘जिल्ला उस्तुवारी सचिव’ म्हणतात, इंग्रजीत ‘डिस्ट्रिक्ट इनचार्ज मिनिस्टर’. तिथं हा शब्द बरोबर वापरलाय.

आणि यात एक बारीक काटा आहे. ‘द ग्रँडमदर इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’, आजी पोराला सांभाळते. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द ग्रँडमदर’, पोरगं आजीच्या ताब्यात आहे. मधे एक ‘द’ आला आणि ओझं वाहणारा आणि ओझं यांची अदलाबदल झाली. घरात पोरगं चार वर्षांचं असेल तर ‘द’ कुठं घालायचा हे ज्यानं त्यानं ठरवावं.

शेपटाकडं लक्ष द्या, असं मी पोरांना सांगतो. चार्जच्या मागं ‘विद’ आला तर आरोप किंवा जबाबदारी. चोरीचा आरोप ठेवला, नाहीतर निवडणुकीची तयारी सोपवली. ‘फॉर’ आला तर पैसे, कशाबद्दल ते सांगणारा. ‘ॲट’ आला तर धावून गेला, पण नेहमी नाही. पुढं दर असेल तर तोच ‘ॲट’ पैशांचाही असतो. ‘टू’ आला तर बहुधा उधारी, म्हणजे कुणाच्या तरी खात्यावर मांडलं. आणि शेपूटच नसेल तर करणारा कोण ते बघायचं. बैल असेल तर पळा.

डिस्चार्जचं राहिलं होतं. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो, पलटणीतून मिळतो, तोफेचा होतो. जुलै-ऑगस्टात कृष्णाकाठच्या गावांत हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. राजापूर बंधाऱ्यावरून किती डिस्चार्ज? पेपर त्याला विसर्ग म्हणतो, माणसं डिस्चार्जच म्हणतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर, दीडएक घागर. तोंडानं लाखाचा आकडा निघाला की सेकंदाला दीडएक लाख घागरी डोळ्यांपुढं आणायच्या, मग गोठ्यातली जनावरं आधी का हलवतात ते कळतं. २०१९ साली ज्यांनी घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ बघितली त्यांना हे घागरीचं गणित सांगायची गरज नाही.

पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली. तेच पोलिसांचं वाक्य पुन्हा दिलं. मच्छेच्या पोरानं लिहिलं होतं, ‘पोलीस गर्दीच्या अंगावर गेले.’ पूर्ण गुण दिले. मग मुद्दाम अवघड वाक्य फळ्यावर लिहिलं, ‘ही वॉज चार्ज्ड ॲट द स्टेशन.’ एकजण म्हणाला, स्टेशनवर फोन चार्ज केला. मी म्हटलं, अरे, ‘ही’ आहे, फोनला ‘इट’ लागेल. दुसरी म्हणाली, पोलीस स्टेशनात आरोप ठेवला. तिसरा म्हणाला, रेल्वे स्टेशनावर जास्त पैसे घेतले असतील, चहाला घेतात. चौथा म्हणाला, कुणीतरी अंगावर धावून आलं.

मच्छेचा पोरगा गप्प बसून फळ्याकडं बघत होता. मग म्हणाला, “सर, वाक्य अर्धंच लिवलंयसा. पुढं ‘विद’ हाय का ‘फॉर’, ते सांगा की आधी.”